कुंभार बर्नार्ड पालिसी

पॅरिस शहरातील लूव्र या जगप्रसिद्ध संग्रहालयात मातीची एक मोठी लंबगोल परात जपून ठेवलेली आहे. तिच्यात कोणी कधी पीठ मळले नाही, आणि ते शक्यही नव्हते. कारण परातीच्या मध्यभागी एक साप वेटोळे घालून पडला आहे. त्याच्या भोवती पाणी असून त्यात मासे पोहत आहेत. परातीच्या रुंद काठावर झाडाझुडपांची पाने, शिंपले, बेडूक आणि सरडे इतक्या दाटीने बसले आहेत की, आपण एखाद्या ओढ्याच्या काठी वाकून पाहत आहोत असा भास व्हावा. पानाची शीर न् शीर दिसते. सापाच्या अंगावरील खवले मोजता येतात. हे सर्व मातीचे आहे. भट्टीत भाजलेले आणि काचेसारख्या चकाकणाऱ्या रंगीत झिलईने मढविलेले आहे.

अशी भांडी घडविण्याबद्दल ज्याची कीर्ती झाली, त्या कारागिराचे नाव बर्नार्ड पालिसी. फ्रान्स देशाच्या नैऋत्य भागात सन १५१० च्या सुमारास एका सामान्य घरात त्याचा जन्म झाला. लॅटिन व ग्रीक या भाषा येतील तोच विद्वान, असे मानण्याचा तो काळ होता; आणि पालिसीला या दोहोंपैकी एकही भाषा येत नव्हती. त्याने शिक्षण घेतले ते हातांचे. गिरिजाघरांच्या खिडक्यांत रंगीत काचांची चित्रे बसविण्याचा धंदा तो शिकला. काचेचे तुकडे आकारात कापावयाचे, त्यांवर रंग भाजून पक्का करावयाचा आणि शिशाच्या पट्ट्यांनी ते एकमेकांस जोडावयाचे, असे ते काम असे. त्याबरोबर तो माणसांची चित्रे काढण्यास शिकला आणि भूमितीच्या साह्याने जमिनीची मोजणी करण्याची विद्याही त्याने संपादन केली. तरुणपणी कित्येक वर्षे तो गावोगाव हिंडला. जेथे काम मिळेल तेथे राहावे आणि ते संपले की पुढची वाट धरावी, असा त्याचा क्रम होता. वाटेतले दगड कोणत्या रंगाचे आहेत, माती कशी आहे, झरे कोठून निघतात, कोणत्या जमिनीत कोणती झाडे वाढतात, हे पाहण्याचा त्याला छंद होता. ही पाहणी पुढे आपल्या किती उपयोगी पडणार आहे, याची त्या वेळी त्याला कल्पना नसावी.

सन १५३९ च्या सुमारास तो सँत या गावी स्थायिक झाला. हे गाव अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यापासून फारसे दूर नाही. तेथे त्याने लग्न केले, मुलेबाळे झाली. काचांच्या चित्रांना आता पूर्वीसारखी मागणी उरली नव्हती. तरी मोजणीची आणि चित्रांची कामे करून संसार चालत होता.

अशा वेळी कोणीतरी त्याला मातीचा एक पेला दाखविला. त्या पेल्यावर अशी सुंदर झिलई चढविलेली होती की, तो पाहताच पालिसीचे भान हरपले. ती झिलई काय वस्तू आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या घरातील पाण्याचा माठ नुसत्या भाजलेल्या मातीचा असतो. त्यातून पाणी पाझरते आणि म्हणूनच ते थंड राहते. लोणच्याची बरणीही मातीचीच. परंतु तिच्यातून थेंबही पाझरत नाही, कारण तिच्यावर काचेचा पातळ थर वितळवून बसविलेला असतो. वाळू, शिसे, क्षार इत्यादी पदार्थांची पूड भांड्यावर लावून ते कडक आचेत ठेवले म्हणजे ती पूड वितळून काच होते आणि भांड्याला घट्ट चिकटते. तिच्यात कथील मिसळले, तर ती दुधासारखी पांढरी होते. इटलीतील कारागिरांना ही विद्या अवगत होती. परंतु प्रत्येक कारागीर आपली कृती प्राणापलीकडे जपत असे. ती शिकविणारी शाळा नव्हती, आणि सँत गावात तर ती जाणणारा कोणीही नव्हता.

पालिसीला माती भिजविणेसुद्धा ठाऊक नव्हते. तरी त्याने मनाशी निश्चय केला की, ही झिलई आपण शोधून काढावयाची.

ज्या ज्या पदार्थाने काही साधेल असे त्याला वाटले, तो तो त्याने कुटून पाहिला. कथील, शिसे, लोखंड, तांबे, अंजनाचा दगड, मुरदाडशिंग, वाळू, वनस्पतींची राख, सर्व काही त्याच्या खलात गेले. बाजारातून मातीची भांडी विकत आणावीत, ती फोडून त्यांच्या खापऱ्या कराव्यात, प्रत्येक खापरीवर वेगळे मिश्रण लावावे, कोणत्या खापरीवर काय लावले याची खूण लिहून ठेवावी आणि मग सर्व खापऱ्या स्वतः बांधलेल्या भट्टीत ठेवून जाळ घालावा, हा त्याचा उद्योग सुरू झाला. किती आच द्यावी हे माहीत नसल्यामुळे कधी मिश्रण जळून जाई, तर कधी ते वितळतच नसे. पैसा आणि लाकूड दोन्ही वाया जात. पुढे त्याने आपल्या खापऱ्या जवळच्या कुंभारांच्या भट्टीत पाठविल्या. तेथेही निराशा झाली. कारण साधी भांडी भाजण्यास लागणारी आच झिलई वितळविण्यास पुरत नाही, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आले नव्हते. दोष मिश्रणाचा की आचेचा, हेच कळेना. एकाच वेळी दोन गोष्टी अज्ञात असल्या म्हणजे गणित किती अवघड होते, हे तुम्ही जाणताच.

मध्यंतरी त्याला एक सरकारी काम मिळाले. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला मिठावरील कर बसविण्यासाठी त्या प्रांतातील मिठागरांचे नकाशे हवे होते. सन १५४३ च्या सुमारास पालिसीने ती मोजणी केली. हातात बरा पैसा आला. घरच्यांना वाटले असेल की, आता हा माणूस ताळ्यावर येईल. परंतु काम संपताच त्याने पुन्हा खलबत्ता हाती घेतला.

या वेळी त्याने आपल्या खापऱ्या काच तयार करणाऱ्यांच्या भट्टीत नेल्या. तेथील आच फार प्रखर असते. दुसऱ्याच दिवशी काही मिश्रणे वितळू लागलेली त्याला दिसली. एवढ्याशा आशेवर त्याने आणखी दोन वर्षे घर ते भट्टी अशा खेपा घातल्या. शेवटी एक दिवस त्याने असे ठरविले की, हा प्रयत्न अखेरचा. तीनशेहून अधिक खापऱ्या, प्रत्येकीवर निराळे मिश्रण, एका माणसावर लादून त्याने काचेच्या भट्टीकडे नेल्या. चार तासांनी त्यांपैकी एक खापरी बाहेर काढली. ती थंड होत गेली आणि तिच्यावर पांढरी, गुळगुळीत, चकाकती झिलई दिसू लागली. आपण नव्याने जन्मास आलो, असे त्याला त्या क्षणी वाटले.

एक खापरी साधली म्हणजे भांडे साधले, असे मात्र नव्हते. खरी परीक्षा येथून पुढे सुरू झाली. भांडी घडविण्यात त्याचे सात-आठ महिने गेले. मग काचेच्या भट्टीसारखी भट्टी त्याने स्वतःच्या घरी बांधावयास घेतली. मजूर लावण्यास पैसे नव्हते. म्हणून विटा त्याने पाठीवरून वाहिल्या, चिखल स्वतः केला, पाणी स्वतः ओढले. भांडी एकदा भाजून निघाली. त्यानंतर त्यांच्यावर झिलईची पूड लावून त्याने भट्टीच्या दोन्ही तोंडांशी जाळ घातला. दिवस गेला, रात्र गेली. सहा दिवस आणि सहा रात्री तो भट्टीसमोर बसून लाकडे सारीत राहिला. झिलई वितळली नाही.

मिश्रणात काहीतरी कमी पडले असावे, असा तर्क करून त्याने भट्टी विझू न देता नवे मिश्रण कुटले, नवी भांडी विकत आणली, त्यांच्यावर ते लावले आणि पुन्हा आच वाढविली. आता लाकडे संपली. बागेतील वेलींना आधार देणाऱ्या काठ्या त्याने उपटून भट्टीत घातल्या. त्या जळून गेल्या. मग घरातील मेजे गेली. मेजांनंतर त्याने जमिनीच्या फळ्या उखडल्या. एक महिन्याहून अधिक काळ त्याच्या अंगावरील सदरा घामाने कोरडा झाला नव्हता. तो इतका खंगला होता की, मोजे बांधण्याच्या पट्ट्या चालताना पोटऱ्यांवरून घसरून टाचांशी येत. गावभर बोभाटा झाला की, हा मनुष्य स्वतःचे घर जाळीत आहे. कोणी त्याला वेडा म्हटले, तर कोणी म्हटले की, हा चोरून खोटी नाणी पाडीत असावा.

या प्रसंगाची चित्रे पुढे अनेक चित्रकारांनी काढली, आणि पालिसीचे नाव मुख्यतः याच प्रसंगामुळे लोकांच्या तोंडी राहिले. परंतु वाचकांनी येथे क्षणभर थांबून त्याच्या पत्नीचाही विचार करावा. घरात खाण्यास नाही, कर्ज वाढत चाललेले, तान्ही मुले दाईकडे आणि दाईला देण्यास पैसे नाहीत. अशा स्थितीत पायांखालची जमीनही नवऱ्याने भट्टीत घातली. ती त्याला टाकून बोलली, यात नवल ते काय? तिची बाजू कोणीच लिहून ठेवलेली नाही. आपल्याला जे काही माहीत आहे, ते पालिसीने स्वतः पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेल्या हकिकतीवरून. त्या हकिकतीत घरच्यांच्या रागाबद्दल तो तक्रार करतो खरा. पण तो राग अकारण होता, असे आम्हांस वाटत नाही.

कृती आता हाती लागली होती. पालिसीने एक कुंभार मदतीस ठेवला आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था एका खानावळीत उधारीवर केली. सहा महिन्यांनी त्याला निरोप द्यावा लागला, तेव्हा मजुरीपोटी देण्यास घरात पैसा नव्हता. पालिसीने आपल्या अंगावरील कपडे काढून त्याला दिले. मग जुनी भट्टी फोडून त्याच सामानातून त्याने नवी, अधिक चांगली भट्टी बांधली. बोटे इतकी फाटली होती की, त्यांना चिंध्या गुंडाळूनच तो जेवीत असे.

या खेपेस झिलई सुरेख वितळली. सावकार भांडी पाहण्यास सकाळपासून जमले होते. परंतु भट्टी बांधताना वापरलेल्या चुन्यात गारगोटीचे बारीक खडे होते. ते आचेने फुटले होते आणि त्यांच्या कपच्या उडून वितळलेल्या झिलईत रुतून बसल्या होत्या. भांड्यावरून हात फिरविला, तर वस्तऱ्यासारखी धार बोटाला लागे. दिसावयास मात्र भांडी सुंदरच होती. कमी किमतीत का होईना, ती घेण्यास लोक तयार होते. पालिसीने ती विकली नाहीत. सदोष माल आपल्या नावाने बाहेर गेला तर नाव कायमचे जाईल, असे म्हणून त्याने सर्व भांडी फोडून टाकली आणि तो अंथरुणाला खिळला.

फळ्या जाळण्याहून हे कृत्य कठीण होते, असे आमचे मत आहे. फळ्या जाळताना माणूस आशेच्या भरात असतो. येथे समोर तयार माल होता, दारात सावकार उभे होते, आणि घरात भुकेली मुले होती. त्याने केले ते बरोबर की चूक, यावर तुम्ही वर्गात अवश्य वाद घाला.

असे एकेक विघ्न आले आणि प्रत्येक विघ्नाने त्याला काही ना काही शिकविले. एकदा जाळाबरोबर उडालेली राख भांड्यांवर बसली. तेव्हापासून तो प्रत्येक भांडे मातीच्या झाकणबंद कवचात ठेवून भाजू लागला. भट्टीवर छप्पर नव्हते; पावसाळी रात्री तो चिखलाने माखून, अडखळत घरी परते. एका बाजूस जास्त आच, दुसऱ्या बाजूस कमी, असेही होई. सर्वांत अधिक छळले ते रंगांनी. तांब्याने हिरवा रंग येतो, कोबाल्टने निळा, मँगनीजने तपकिरी व जांभळा. परंतु प्रत्येक रंग वितळण्यास लागणारी आच निराळी. सापाच्या अंगावरील तपकिरी रंग वितळू लागेपर्यंत सरड्याच्या अंगावरील हिरवा रंग जळून जाई. सर्व रंग एकाच आचेत, एकाच वेळी वितळावेत असे मिश्रण जुळविण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. पहिला पेला पाहिल्यापासून पंधरा-सोळा वर्षांनी तो आपल्या कलेचा पूर्ण स्वामी झाला.

आता त्याच्या या कलेकडे वळू. पांढऱ्या पेल्याच्या शोधात निघालेला पालिसी शेवटी पेले करीत बसला नाही. लहानपणापासून पाहिलेले झरे, ओढे, खडक आणि त्यांच्याभोवतीची हिरवळ त्याच्या मनात घर करून होती. ती त्याने मातीत उतरविली. त्याची रीत अशी होती. पाने, नेच्याच्या फांद्या, शिंपले, तसेच साप, सरडे, बेडूक, मासे हे प्राणी तो गोळा करी. एका पाटावर त्यांची हवी तशी मांडणी करी. पान वाऱ्याने वळल्यासारखे दिसावे, सरडा नुकताच थबकल्यासारखा दिसावा, याकडे त्याचे लक्ष असे. मग त्यांवर पातळ प्लॅस्टर ओतून त्यांचा साचा घेई. प्लॅस्टर घट्ट झाले म्हणजे पानाच्या बारीकातील बारीक शिरेची खूण त्यात उमटलेली असे. त्या साच्यात ओली माती दाबून बसविली की, पान जसेच्या तसे मातीत उठून येई. अशी तयार झालेली पाने आणि प्राणी तो परातीवर, सुरईवर किंवा ताटावर चिकटवी, हाताने सांधे जुळवी, एकदा भाजी, रंगीत झिलई लावी आणि पुन्हा भाजी.

ओल्या मातीत पान उमटविणे सोपे आहे. तुम्हीही ते करून पाहू शकता. कठीण काम पुढचे. झिलई जाड झाली तर शिरा बुजून जातात आणि पातळ झाली तर चकाकी येत नाही. शिवाय माती वाळताना आकसते, आणि भट्टीत आणखी आकसते. जाड परात आणि तिच्यावर चिकटविलेले पातळ पान सारखेच आकसले नाही, तर पान तडकून सुटते. पालिसीच्या भांड्यांवर ही पाने साडेचारशे वर्षे टिकली आहेत. काहींना ही भांडी किळसवाणी वाटतात. साप आणि बेडूक असलेले ताट घरात कोण ठेवील, असे ते म्हणतात. पण पालिसीला देखणे फूल आणि ओंगळ बेडूक असा भेद मान्य नव्हता. ओढ्याकाठी दोघेही शेजारी राहतात, म्हणून ताटावरही दोघे शेजारी आले.

सन १५४८ मध्ये मिठाच्या करावरून त्या प्रांतात बंड झाले आणि ते मोडण्यासाठी फ्रान्सचा सेनापती आन द मोंमोरांसी याला पाठविण्यात आले. पुढे या सेनापतीने पालिसीचे काम पाहिले आणि त्याला आश्रय दिला. पॅरिसजवळ एकुआँ येथे सेनापतीचा वाडा होता. त्याच्यासाठी मातीची एक कृत्रिम गुहा तयार करण्याचे काम त्याने पालिसीवर सोपविले. भिंतीवर खडक, खडकांवर शेवाळ आणि वेली, त्यांतून झिरपणारे पाणी, अशा गुहा बागेत बांधण्याची तेव्हा श्रीमंतांत आवड होती.

याच सुमारास फ्रान्समध्ये ख्रिस्ती धर्मातील कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन पंथांत रक्तरंजित युद्धे सुरू झाली. पालिसी प्रॉटेस्टंट पंथाचा होता आणि आपले मत लपविणे त्याच्या स्वभावात नव्हते. राजा कॅथलिक होता. सन १५६२ मध्ये युद्धाची झळ सँत गावाला लागली. पालिसीची कार्यशाळा उद्ध्वस्त करण्यात आली आणि त्याला पकडून रातोरात बॉर्दोच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे त्याचा अंतच व्हावयाचा. परंतु सेनापतीने दरबारात शब्द टाकला. सेनापती स्वतः कॅथलिक होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. राजा आणि राजमाता यांचा खास कारागीर अशी पदवी पालिसीला देण्यात आली आणि त्यामुळे स्थानिक न्यायाधीशांचा त्याच्यावरील अधिकार संपला. मातीच्या पानांनी त्याचा जीव वाचविला, असे म्हटले तरी चालेल.

पुढे तो पॅरिसला गेला. राजमाता कॅथरिन द मेदिची हिने त्वीलरी येथे नवा राजवाडा बांधावयास घेतला होता; त्याच्या आवारात पालिसीची कार्यशाळा उभी राहिली आणि सन १५७० च्या सुमारास राजमातेसाठीही गुहेचे काम सुरू झाले. सन १५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची भयंकर कत्तल झाली. त्यातून पालिसी वाचला व काही काळ सीमेवरील सदाँ या गावी राहिला.

परत आल्यावर त्याने एक विलक्षण उपक्रम केला. सन १५७५ मध्ये पॅरिसच्या चौकाचौकांत त्याने पत्रके लावली की, पाणी, दगड, माती आणि धातू यांविषयी आपण व्याख्याने देणार असून त्यांस शुल्क पडेल. आणि आपण सांगितलेले खोटे आहे असे जो सिद्ध करील, त्याला शुल्काच्या चौपट रक्कम परत मिळेल. लॅटिन न जाणणाऱ्या एका कुंभाराने असे आव्हान द्यावे, ही गोष्ट त्या शहराला नवीन होती. ऐकण्यास नामांकित वैद्य आले, शस्त्रवैद्य आले, विद्वान आले. पैसे परत मागण्याची पाळी कोणावरही आली नाही.

तो काय सांगत असे? झऱ्याचे पाणी समुद्रातून जमिनीखालून येते, असे त्या काळी अनेक पंडित मानीत. पालिसी म्हणे की, ते पावसाचेच पाणी आहे. ते जमिनीत मुरते, खाली खडक किंवा चिकणमाती लागली की अडते आणि वाट मिळेल तेथे बाहेर पडते. डोंगरातील दगडांत शिंपल्यांसारखे आकार सापडतात, ती निसर्गाची नुसती लीला नसून तेथे एके काळी खरोखरच जिवंत प्राणी होते आणि चिखल घट्ट होताना तेही दगड झाले, असे तो दाखवून देई. या दोन्ही गोष्टी आज शाळेत शिकविल्या जातात. ज्याने आयुष्यभर ओल्या मातीत पाने आणि शिंपले दाबून त्यांचे ठसे घेतले, त्याला दगडातील ठसा पाहून तो कसा उमटला असेल हे सुचावे, हे साहजिकच होते. शेतकऱ्यांनाही त्याने सांगितले की, शेणखताचे ढीग पावसात उघडे ठेवू नका. त्यातील क्षार वाहून गेले म्हणजे उरलेल्या खताने पीक पोसत नाही.

हे सारे विचार त्याने सन १५८० मध्ये एका ग्रंथात छापले. त्यात सिद्धांत आणि अनुभव या दोन पात्रांचा संवाद असून प्रत्येक वेळी अनुभव सिद्धांताला निरुत्तर करतो. झिलईच्या शोधाची हकिकतही त्यातच आहे. एक गोष्ट मात्र त्यात नाही: झिलईसाठी कोणते पदार्थ लागतात हे तो सांगतो, पण त्यांचे प्रमाण देत नाही. ज्याला हवे असेल त्याने आपल्यासारखेच कष्ट करून ते मिळवावे, असे तो बजावतो. इतरांनी गुपिते लपविल्यामुळे ज्याची सोळा वर्षे गेली, त्यानेही शेवटी तेच करावे, हे पाहून आम्हांस वाईट वाटते. त्याच्यामागे ही कला जवळजवळ लुप्त झाली. सन १८४० नंतर तूर या फ्रेंच शहरातील शार्ल आव्हिसो या कुंभाराने पुष्कळ वर्षे खटपट करून ती पुन्हा साध्य केली.

पालिसीचे आश्रयदाते एकेक करून गेले. प्रॉटेस्टंटांविरुद्धचे कायदे अधिक कडक झाले. धर्म बदला किंवा देश सोडा, अशी आज्ञा निघाली. पालिसीने यांपैकी एकही गोष्ट केली नाही. सन १५८८ मध्ये त्याला पुन्हा कैद झाली आणि पॅरिसमधील बास्तीय या किल्ल्यात त्याला डांबण्यात आले. त्या वेळी तो सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. राजा तिसरा हेन्री याने स्वतः तुरुंगात येऊन त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न केला, अशी एक कथा सांगतात. इतिहासकार तीवर विश्वास ठेवीत नाहीत. सन १५९० मध्ये हाल, उपासमार आणि म्हातारपण यांनी त्या किल्ल्यातच त्याचा अंत झाला.

पॅरिसमधील प्येर द लेत्वाल या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत या मृत्यूची नोंद केली आहे. मरतेवेळी पालिसीने त्याच्यासाठी दोन दगड ठेवले होते. काळाच्या ओघात दगड बनलेली ती माणसाची कवटी आहे, असे पहिल्या दगडाबद्दल पालिसीचे म्हणणे होते. दुसरा दगड तो आपली भांडी घडविताना हत्यार म्हणून वापरीत असे.

त्वीलरीच्या आवारातील कार्यशाळा बांधकामाखाली दडून गेली आणि लोक तिची जागा विसरले. एकोणिसाव्या शतकात तेथे खणताना त्याच्या भट्ट्यांचे अवशेष लागले. पुढे सन १९८० नंतरच्या दशकात लूव्रचा विस्तार करण्यासाठी मोठे उत्खनन झाले, तेव्हा मातीच्या हजारो तुकड्यांबरोबर साचेही हाती आले. त्यांपैकी काही आता एकुआँ येथे, सेनापती मोंमोरांसीच्या जुन्या वाड्यातील संग्रहालयात ठेवले आहेत. काही तुकडे बिघडलेल्या भांड्यांचे आहेत. रंग ओघळलेल्या, तडकलेल्या, विक्रीस न गेलेल्या. साच्यांत मात्र चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी ओढ्याकाठून खुडून आणलेल्या पानांच्या शिरा अजून दिसतात.